"उचलू नको, हाताची सवय लागेल": एका सल्ल्याचा इतिहास

मागच्या काही भागांत आपण किल्ले, तह आणि रेल्वे यांतच अडकलो होतो. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय ते साधारण पन्नास सेंटिमीटर लांब असतं आणि दिवसातला बराचसा वेळ झोपलेलं असतं. तान्हं बाळ. आणि त्याच्याबद्दलचं एक वाक्य, जे आपल्याकडे बाळंतिणीला पहिल्या आठवड्यातच ऐकायला मिळतं: "सारखं उचलू नकोस गं, हाताची सवय लागेल."

माझी ताई सध्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलीये, कराडला. भाचा सात आठवड्यांचा आहे. मी हिंजवडीत बसून कोड लिहितो आणि रात्री व्हिडिओ कॉलवर मामा होतो. ताईला हे वाक्य शेजारच्या काकूंनी ऐकवलं, आत्याने ऐकवलं आणि तिच्या फोनमधल्या एका बेबी ॲपनेही ऐकवलं, जरा गुळगुळीत भाषेत: बाळाला स्वतःचं स्वतः शांत व्हायला शिकू द्या. गंमत म्हणजे काकू असं म्हणतात खरं, पण बाळाने दोन मिनिटं सूर धरला की त्याच पहिल्या धावतात. ॲप धावत नाही. ताईची मात्र दोन्हीकडून कोंडी. उचललं तर "लाडावून ठेवशील", नाही उचललं तर तिचाच जीव तुटतो.

म्हटलं, जरा खणून बघू. आज्ज्या-काकूंचं बोलणं छापलेलं नसतं, पण हाच सल्ला एकेकाळी थेट विज्ञानाच्या नावाने छापला गेला होता, आणि त्याच्या साल-तारखा सापडतात.

१८९४ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. ल्यूथर एमेट होल्ट यांनी एक छोटं पुस्तक काढलं, 'द केअर अँड फीडिंग ऑफ चिल्ड्रन'. आया आणि दाया यांच्यासाठी, सगळं प्रश्नोत्तरांत. आजच्या भाषेत एफएक्यू. ते इतकं खपलं की पुढची कित्येक वर्षं त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. त्यात होल्टसाहेब सांगतात की सहा महिन्यांच्या आतल्या बाळाशी खेळूच नका. मुके घेऊ नका. थोडं रडणं हा बाळाचा व्यायाम आहे, त्याने फुप्फुसं फुलतात. आणि निव्वळ सवयीने किंवा हट्टाने रडत असेल तर रडू द्या, तास लागला तरी, वेळ पडली तर दोन-तीन तास लागले तरी. दुसऱ्या वेळी लवकर थांबेल आणि तिसरी वेळ बहुधा येणारच नाही, असा त्यांचा हिशेब.

आज हे वाचून हसू येतं, रागही येतो. पण होल्ट हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. त्या काळातल्या मोठ्या शहरांत तान्ही मुलं घाणेरड्या दुधाने, जुलाबाने, घटसर्पाने, क्षयाने पटापट दगावत होती. जंतूंमुळे रोग होतात हे नुकतंच कळलेलं. मग डॉक्टरांनी काढलेला निष्कर्ष सरळ होता: माणसं म्हणजे जंतू, त्यामुळे बाळाजवळ माणसं जितकी कमी तितकं बाळ सुरक्षित. मुका नको यामागे क्षय आणि घटसर्पाची खरीखुरी भीती होती. दूध स्वच्छ हवं, हात धुवा, वेळ पाळा, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं आणि त्याने जीव वाचले. गडबड अशी झाली की "जंतू लागतील" या भीतीच्या शेजारी "वाईट सवय लागेल" हीसुद्धा जाऊन बसली, आणि दोन्ही एकाच अधिकाराने सांगितल्या जाऊ लागल्या. पहिलीला पुरावा होता. दुसरीला नव्हता.

पुढे हे लोण पसरलंच. न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग नावाचे डॉक्टर घड्याळ लावून दर चार तासांनी दूध द्या, रात्री देऊच नका, असं सांगत होते, आणि ब्रिटिश साम्राज्यात त्यांचा बराच बोलबाला झाला. पण या सगळ्याचा कळस म्हणजे जॉन वॉटसन. मानसशास्त्रात 'वर्तनवाद' सुरू करणारा माणूस. विद्यापीठातली नोकरी १९२० मध्ये गेली, मग हा जाहिरात कंपनीत शिरला आणि तिथेही गाजला. १९२८ मध्ये त्याने बायको रोझाली रेनर हिच्या मदतीने पालकांसाठी पुस्तक लिहिलं. त्यात आईच्या अति प्रेमाचे धोके यावर एक अख्खं प्रकरण आहे. मुलांना कुशीत घेऊ नका, मांडीवर बसवू नका. अगदीच राहवलं नाही तर रात्री झोपताना कपाळावर एकदा ओठ टेकवा आणि सकाळी हस्तांदोलन करा. हस्तांदोलन! घरात बाळ नसून नवीन मॅनेजर आल्यासारखं.

आता याच १९२८ सालातली मुंबई बघा. कारण बाळाला उचलायचं की नाही हा प्रश्न पडायला आधी आई घरी असावी लागते.

गिरणगावात हजारो बाया गिरणीत कामाला होत्या. बाळंत होऊन काही दिवसांत परत कामावर, कारण खाडा म्हणजे पगार नाही. घरी दहा बाय दहाची खोली. बाळाला बघायला एखादी म्हातारी, नाहीतर सात-आठ वर्षांची बहीण. मग बाळ दिवसभर निपचित राहावं म्हणून त्याला 'बाळगोळी' द्यायचे. त्या गोळीत अफू असायची. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारसाठी डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टर बाईंनी गिरणीतल्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा या बायकांची जवळजवळ सगळीच तान्ही मुलं अफूवर असल्याचं त्यांनी नोंदवलं. अफूने बाळ रडत नाही, आणि भूक लागली तरी मागत नाही. हळूहळू सुकत जातं.

जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला आलं. त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिलेल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं ही साऱ्या समाजाच्या हिताची गोष्ट आहे, म्हणून सरकारनेही भार उचलावा, आणि तिच्या श्रमातून फायदा मिळवणाऱ्या मालकानेही हात झटकू नयेत, असं त्यांचं म्हणणं. १९२९ मध्ये कायदा झाला. अशा प्रकारचा भारतातला हा पहिलाच. दिवसाला आठ आणे, तेही काही आठवड्यांपुरते. तिकडे अमेरिकेत वॉटसन बाळाला कमी उचला म्हणून सांगतोय आणि इकडे परळच्या बाईला आपलं बाळ उचलायला मिळावं म्हणून कायदा करावा लागतोय. वर्षभराच्या अंतरात! मला हे दोन कागद शेजारी ठेवून बघायला फार आवडतात. बालसंगोपनाच्या पुस्तकांतून सहसा पहिलाच कागद दिसतो.

बरं, होल्ट आणि वॉटसनचा सल्ला घराघरांत कुणी किती पाळला देव जाणे. घरात काकू असतातच. पण जिथे काकू नसतात, म्हणजे इस्पितळात आणि अनाथाश्रमात, तिथे तो शंभर टक्के पाळला गेला. तिथेच त्याचं पितळ उघडं पडलं.

न्यूयॉर्कच्या बेल्व्ह्यू इस्पितळात हॅरी बाक्विन हे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना दिसायचं की वॉर्ड चकचकीत, दूध वेळेवर, तरी मुलं वजन धरत नाहीत, हसत नाहीत. आणि घरी, भले ते घर गरीब असो, पाठवली की काही दिवसांत टवटवीत होतात. हात धुऊनच आत या अशी पाटी वॉर्डवर होती. त्यांनी ती काढून नवी लावली: एखादं बाळ उचलून घेतल्याशिवाय या खोलीत येऊ नका. पुढे १९४५ मध्ये रेने स्पिट्झ यांनी दोन जागांची तुलना मांडली. एक स्वच्छ अनाथाश्रम, जिथे एका परिचारिकेच्या वाट्याला आठेक बाळं आणि पाळण्यांना चादरी लावलेल्या, त्यामुळे बाळाला छताशिवाय काही दिसत नसे. दुसरी जागा चक्क स्त्रियांचा तुरुंग, जिथे कैदी आयाच आपल्या बाळांचं करायच्या. तुरुंगातली बाळं चांगली वाढत होती. अनाथाश्रमातली दोन वर्षांत एक तृतीयांशाहून जास्त दगावली. स्पिट्झच्या कामाच्या पद्धतीवर नंतर बरीच टीका झाली आणि ती रास्त होती, कारण दोन गटांत इतरही फरक होते. पण प्रश्न टेबलावर आला तो आलाच.

आता ज्या माणसासाठी मी हा भाग करतोय तो येतो. जेम्स रॉबर्टसन. स्कॉटलंडच्या कामगार घरातला. दुसऱ्या महायुद्धात लंडनला ॲना फ्रॉइड यांनी युद्धात घर विस्कटलेल्या मुलांसाठी पाळणाघर चालवलं होतं, तिथे हा बॉयलर पेटवणं, दुरुस्त्या करणं अशा कामावर लागला. ॲना फ्रॉइडचा एक नियम होता: इथे काम करणाऱ्या प्रत्येकाने, म्हणजे बॉयलरवाल्यानेसुद्धा, मुलांचं जे दिसेल ते कार्डावर लिहून द्यायचं. मत नको, फक्त काय पाहिलं ते. आम्ही याला लॉगिंग म्हणतो. आधी लॉग बघ, मग थिअरी सांग, हे मला पहिल्या नोकरीत वरिष्ठांनी शंभरदा ऐकवलंय. रॉबर्टसनची नजर तिथे तयार झाली.

युद्धानंतर १९४८ मध्ये तो जॉन बोल्बी यांच्याकडे लागला आणि इस्पितळांत जाऊन मुलांचं निरीक्षण करू लागला. त्या काळच्या लंडनच्या इस्पितळांतल्या भेटीच्या वेळा ऐका. सेंट थॉमसमध्ये पहिला महिना आईबापांना भेट बंद. संध्याकाळी सात ते आठ मूल झोपलेलं असताना फक्त बघून जायचं. गाईज इस्पितळात रविवारी दुपारी दोन ते चार. कारण काय, तर पालक आले की मुलं रडतात आणि वॉर्डची शिस्त मोडते. पालक आले नाहीत की दोन-तीन दिवसांत मूल शांत होतं. परिचारिका म्हणायच्या, रुळलं. रॉबर्टसन तास-तास बसून बघायचा आणि त्याला वेगळंच दिसायचं. आधी मूल आकांत करतं, मग खचतं, मग आशा सोडून गप्प होतं. रुळणं म्हणतात ते हे तिसरं.

कुणी ऐकेना. मग त्याने सिनेकॅमेरा घेतला. आयुष्यात कधी फिल्म केली नव्हती. प्रतीक्षायादीतून एक मूल कुठलाही पसंतीक्रम न लावता निवडलं, म्हणजे मुद्दाम रडकं निवडलं असं कुणी म्हणायला नको. रोज ठरलेल्या वेळीच चित्रण, आणि भिंतीवरचं घड्याळ चौकटीत. लॉरा नावाची अडीच वर्षांच्या आतली मुलगी, बेंबीच्या हर्नियाचं छोटं ऑपरेशन, आठ दिवस. ती मुलगी फार रडतही नाही. तेच बघवत नाही. ती गुणी मुलीसारखी ओठ घट्ट मिटून बसते, टेडी आणि घरून आणलेलं पांघरूण छातीशी धरते आणि मधूनच हळू आवाजात आईचं विचारते. शेवटच्या दिवशी आई घरी न्यायला येते. बाहेर पडताना आई हात पुढे करते आणि लॉरा तो धरत नाही.

नोव्हेंबर १९५२ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये ही फिल्म दाखवली. डॉक्टर आणि परिचारिका भडकल्या. आमच्या पेशाची बदनामी आहे, फिल्म मागे घ्या, ही मुलगी अपवाद आहे. पण हळूहळू काही जणांनी आपापल्या वॉर्डात जाऊन पाहिलं आणि त्यांना दिसायला लागलं. १९५९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या प्लॅट समितीने शिफारस केली की मुलांच्या वॉर्डात पालकांना येण्याची मोकळीक हवी आणि लहानग्यांसोबत आईला राहता यावं. आज तुमच्या गावातल्या बालरुग्णालयात खाटेशेजारी आई चादर अंथरून झोपलेली दिसते आणि आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. ब्रिटनमध्ये ते भांडून मिळवावं लागलं होतं.

अमेरिकेत हॅरी हार्लो यांचे माकडांवरचे प्रयोग याच सुमाराचे, १९५८. ते सगळ्यांना माहीत असतात: तारेची दूध देणारी 'आई' आणि कापडाची दूध न देणारी, आणि पिल्लू दिवसभर कापडाच्या आईला बिलगून. कमी माहीत असलेला भाग असा की ती ऱ्हीसस माकडं मुळात भारतातून जायची. ती महाग पडत आणि आजारी असत, म्हणून हार्लोने स्वतःच पैदास सुरू केली, पिल्लं स्वच्छ राहावीत म्हणून जन्मताच आईपासून वेगळी काढली, आणि तेव्हा लक्षात आलं की ती पिंजऱ्यातल्या लंगोटाच्या कापडाला सोडतच नाहीत. म्हणजे परत तेच, स्वच्छतेसाठी दूर केलं आणि दुसरंच काही तुटलं. नंतरचे त्याचे प्रयोग इतके क्रूर होते की त्यांच्याबद्दल मला बोलायचं नाही.

आता ताईच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. उचलल्याने सवय लागते का?

मेरी एन्सवर्थ १९५४ मध्ये नवऱ्याच्या नोकरीनिमित्ताने युगांडात गेल्या आणि कंपालाजवळच्या गावांत घरोघर जाऊन आई-बाळांना बघत बसल्या. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला २६ कुटुंबांत वर्षभर तेच केलं. १९७२ मध्ये सिल्व्हिया बेल आणि त्यांनी मांडलं की ज्या बाळांच्या रडण्याकडे पहिल्या महिन्यांत लगेच लक्ष दिलं गेलं, ती वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. वॉटसनच्या बरोबर उलट. पण थांबा, २६ कुटुंबं म्हणजे फार लहान नमुना. २००० मध्ये नेदरलँड्समध्ये पन्नास बाळांवर हेच तपासलं तेव्हा निकाल तसा आला नाही. बारीकसारीक कुरकुरीला जरा थांबून प्रतिसाद दिला तर काही बिघडत नाही, उलट बाळ थोडं कमी कुरकुरतं, असं दिसलं. म्हणजे प्रत्येक 'ऊं'ला धावत सुटायची गरज नाही. दोन सेकंद कान द्या. आमच्याकडे रात्री अलर्ट वाजला की आधी बघतात, इशारा आहे की खरंच सर्व्हर पडलाय. तसंच.

मला सगळ्यात उपयोगी वाटलं ते १९८६ चं माँट्रियलचं काम, हुन्झिकर आणि बार यांचं. ९९ आई-बाळांच्या जोड्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एका गटाला सांगितलं, बाळ रडत नसतानाही रोज तीन तास जास्त कडेवर किंवा झोळीत घ्या. सहाव्या आठवड्यात या गटातली बाळं ४३ टक्के कमी रडत होती. यातलं "रडत नसतानाही" फार महत्त्वाचं आहे. एकदा पोटशूळासारखा आकांत सुरू झाला की जास्त उचलून फारसा फरक पडत नाही, हेही नंतरच्या चाचण्यांत दिसलं. त्यामुळे तासभर फिरवूनही बाळ थांबलं नाही तर तुमचं काही चुकलेलं नसतं. रडणं साधारण सहाव्या आठवड्यात टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. ताईला मी एवढंच सांगितलं तर ती फोनवर गप्प झाली आणि म्हणाली, "हे कुणीच सांगितलं नाही रे आधी."

फारच असह्य झालं तर बाळाला पाठीवर सुरक्षित निजवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा, चेहऱ्यावर पाणी मारा. पण बाळाला रागाने गदागदा हलवू नका, कधीच. मेंदूला इजा होते. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं असेल किंवा दूध ओढत नसेल तर माझा पॉडकास्ट बंद करा आणि डॉक्टरकडे जा.

"लाडावणं" म्हणतात त्यासाठी बाळाच्या डोक्यात काय काय लागेल बघा: मी रडलो की आई येते, आत्ता मला काही नकोय, तरी मजा म्हणून रडतो. सात आठवड्यांच्या बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपलीकडचं धड दिसत नाही. तेवढंच अंतर, बघा, मांडीवरून आईच्या चेहऱ्यापर्यंत असतं. ते नुकतंच माणसाकडे बघून हसायला लागलेलं असतं. डोळ्यांसमोरून गेलेली वस्तू कुठेतरी असतेच, हे त्याला बऱ्याच महिन्यांनी पक्कं कळतं, तेव्हा तर बुवा-कुकची खरी मजा सुरू होते आणि त्याच सुमाराला, आठ-नऊ महिन्यांवर, आई खोलीबाहेर गेली की भोकाड पसरतं. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईने बाळाशी आधी नेहमीसारखं बोलायचं, मग काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवून नुसतं बघायचं. काही महिन्यांचं बाळ लगेच ओळखतं. हसून बघतं, हात हलवतं, आवाज करतं, आणि काहीच उत्तर आलं नाही की तोंड फिरवून रडायला लागतं. बाळाला हवं असतं ते हे उत्तर. त्याने "अगू" म्हटलं की तुम्ही "हो का?" म्हणायचं. महागडं खेळणं त्याला "हो का?" म्हणत नाही, आणि मोबाईलकडे बघणारा मामाही नाही.

हे सगळं आईनेच करावं असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. बोल्बींच्या लिखाणातून तसा सूर निघाला आणि त्याचं ओझं दोन पिढ्यांच्या बायकांनी वाहिलं. माँट्रियलच्या अभ्यासातले ते तीन तास बाप, आजोबा, मावशी कुणीही भरून काढू शकतं. मग माझ्यातला हिशेबनीस विचारतो, वेळ कुणाकडे आहे? ताईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, २०१७ च्या दुरुस्तीमुळे. म्हणजे १९२९ च्या त्या आठ आण्यांचं पणतवंड. दाजींना त्यांच्या कंपनीने पाच दिवस दिले. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात काहीच नाही. आणि ताईकडे मालिशला येणाऱ्या मावशींची सून ऊसतोडीला जाते, तिला ना रजा ना पाळणाघर. बाळ फडातच, झोळीत.

तुमच्याकडे कुणाची बाळंतपणं गिरणीच्या, विडीच्या किंवा शेतीच्या कामात झाली असतील तर घरात विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. तेव्हा बाळ कुणी सांभाळलं, एवढंच विचारा. आलेल्या नोट्स पुढच्या भागात ऐकू.